अळणी ताट

नानासो कडेगावहून आले की आप्पासोंच्या घरात दोन तट पडत, आणि दिवस मावळेपर्यंत नानासो त्या दोन्ही तटांत बसून उठत. आप्पासोंच्या बायकोचे, मनुबाईंचे, ते सख्खे थोरले भाऊ. सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांची छकडी दारात सुटली आणि हातपाय धुऊन होतात न होतात तोच त्यांनी मेव्हण्यांची बाजू उचलून धरली. आप्पासोंचं म्हणणं एवढंच होतं की, यंदाच्या म्हाळात पितरांबरोबर लालासाहेबाचं नाव घ्यायचं. लढाई संपून वर्ष उलटलं होतं. मलायात जपान्यांच्या कैदेत असलेले पलूसकडचे शिपाई एकेक करून घरी पोचले होते. आप्पासोंचा धाकटा केरबासुद्धा शिमग्याच्या तोंडावर परत आला. थोरल्या लालासाहेबाचा तेवढा पत्ता नव्हता. सरकारी तारेत बेपत्ता म्हणून आलं होतं, ते बेपत्ताच राहिलं होतं.

पोराला असं अधांतरी किती दिवस ठेवायचं, असं नानासो मोठ्यांदा म्हणाले. चुलीपुढं बसलेल्या बहिणीनं नुसतं वर बघितलं, तशी त्यांना चहाची आठवण झाली. चहा होईतोवर त्यांचं मत अर्धं वितळलं होतं आणि कपबशी हातात पडल्यावर बाई म्हणते त्यातही काही खोटं नाही असं ते आप्पासोंना समजावू लागले. आप्पासोंनी त्यांच्याकडं पाठ फिरवली आणि ते उद्याची केळीची पानं मोजून बाजूला काढू लागले.

मागच्या सोप्यात लालासाहेबांची बायको रंगूबाई उद्याच्यासाठी गवारी निवडत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. नाव घेतलं तर पुसलं जायचं ते तिच्या कपाळाचं कुंकू. फुटायच्या त्या तिच्या हातातल्या बांगड्या. पण घरात चार वर्षं हा वाद चालला होता आणि त्यात सगळ्यांत कमी बोलली असेल तर तीच. लोकांना वाटे, सून शहाणी आहे, मोठ्यांच्या मध्ये पडत नाही. त्यात शहाणपण काही नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती कुणाला सांगायच्या लायकीची नव्हती.

ती भीती एका ताटाची होती.

तार आली त्या दिवशी मनुबाई रडल्या नाहीत. त्यांनी रात्रीच्या जेवणाला पुरुषांच्या पंगतीत आप्पासोंच्या उजव्या हाताला लालासाहेबांचा पाट मांडला आणि ताट वाढलं. भाकरी, बुडवून खायला कोरड्यास, कांदा, सगळं रीतसर. परक्या मुलखात पोर उपाशी फिरतंय, इथं त्याच्या नावानं ताट वाढलं की तिथं त्याच्या पोटाला लागतं, असं त्यांचं म्हणणं. पुरुष जेवून उठले की ते ताट तसंच आत यायचं आणि रंगूबाईनं त्यात जेवायचं. नवरा घरी असताना ती त्याच्या ताटात जेवत होती, मग आता का नको? रंगूबाईला त्यात पहिल्यांदा आधारच वाटला होता. ताट समोर ओढलं की वाटायचं, आत्ता उठून गेलेत, चूळ भरत असतील परसात.

लालासाहेब फौजेत मोटार हाकायचे. घरी रजेवर आले की पाटावर बसण्याआधी तळहातानं त्याच्यावर दोनदा थाप मारायचे. लहानपणी पाटाखालून इंगळी निघाली होती, तेव्हापासूनची सवय. दोनदा थाप मारायची, मग बसायचं. मनुबाईंना त्या थापेचं हसू यायचं, आप्पासोंना राग यायचा. रंगूबाईला ती थाप ऐकू आली की भाकरी उलथायचं भान राहायचं नाही, लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट.

दुसऱ्या हिवाळ्यात मळ्यात गुऱ्हाळ लागलं. पहिल्या आधणाचा गूळ घरी आला, ऊन ऊन, सोनेरी. मनुबाईंनी लालासाहेबांच्या ताटात त्याचा मोठा खडा ठेवला, वर तुपाची धार. नंतर रंगूबाई जेवायला बसली आणि तिनं तो खडा तोंडात घातला, तर त्याला गोडी नव्हती. कडू नाही, आंबट नाही, काहीच नाही. ओली माती जिभेवर ठेवावी तसं. तिला वाटलं ताप येणार. तिनं कोरड्यास चाखलं, ते अळणी. भाकरी कोंड्यासारखी. मग तिनं उठून डब्यातल्या गुळाचा तुकडा मोडून तोंडात टाकला, तर तो इतका गोड लागला की डोळ्यांत पाणी आलं. पातेल्यातलं कोरड्यासही झणझणीत होतं. चव गेली होती ती फक्त त्या ताटातली.

तेव्हापासून रोज तसंच. तिनं मीठ घालून बघितलं. आधी चिमूट, मग मूठभर. मीठ दाताखाली करकरायचं, पण खारट लागायचं नाही. तिला चिमूटभर मीठ हाताशी घेऊन बसायची सवयच लागली, आणि मनुबाई शेजारच्या बनाबाईला कौतुकानं सांगायच्या, आमची रंगू लय खारट खाती. रंगूबाईनं कुणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? आणि खरं बोलायचं तर तिला त्याचा अर्थ कळून घ्यायचाच नव्हता. अर्थ कळला असता तर कपाळाच्या कुंकवाला हात लावावा लागला असता. ती खाली मान घालून ते अळणी ताट चाटूनपुसून खायची आणि धुऊन पालथं घालायची.

केरबा परत आला तेव्हा सगळं घर त्याच्या भोवती गोळा झालं होतं. त्याला एकच प्रश्न, आणि त्याचं एकच उत्तर. एका नदीवरचा पूल उडवला, तिथं दोघा भावांची ताटातूट झाली. पुढचं माहीत नाही. तो स्वतः जपान्यांच्या हाती लागला, रेल्वेच्या कामावर नेताना रबराच्या झाडीत पळाला आणि इपो म्हणून कथलाच्या खाणींचं शहर आहे, तिथं आ-सेंग नावाच्या चिनी दुकानदारानं त्याला माळ्यावर पोत्यांमागं लपवून ठेवला, तो लढाई संपेपर्यंत. यापलीकडं तो बोलत नसे. फक्त पंगतीत तो कधी त्या मोकळ्या पाटाशेजारी बसला नाही. दुसऱ्या टोकाला, दाराजवळ बसायचा.

पितृपंधरवडा लागला आणि केरबाचं वागणं आणखी बदललं. दिवे लागले की तो कुणाला नावानं हाक मारीत नसे. अवं, अगं, असं म्हणून भागवायचा. संध्याकाळी कुणी शीळ घातली तर अंगावर धावून जायचा. एकदा विहिरीवरून येताना रंगूबाईनं त्याला मागून भावजी म्हणून हाक मारली. तो वळला नाही. तसाच चालत गोठ्याच्या भिंतीपर्यंत गेला, भिंतीला पाठ लावली आणि मग तिच्याकडं बघितलं. तिला बघितल्यावर त्यानं श्वास सोडला. तिनं विचारलं तर म्हणाला, काही नाही वैनी, तिकडची खोड.

नानासो आले त्या दिवशी दिवेलागणीला पंगत बसली. आप्पासो, त्यांच्या उजवीकडं तो पाट आणि ताट, मग नानासो, आणि दाराशी केरबा. मनुबाई वाढत होत्या. रंगूबाई आतल्या दारात भाकरीची दुरडी घेऊन उभी होती. आप्पासोंनी चित्रावती घातली आणि घास न घेता हात तसाच ठेवला. उद्या आपण नाव घेणार, असं ते म्हणाले. मनुबाई म्हणाल्या, घ्या, मग मीही उद्या चूल पेटवत नाही. नानासोंनी दोघांकडं बघून भाकरीचा तुकडा मोडला. कुणाची बाजू घ्यावी हे ठरेपर्यंत तोंडात घास असलेला बरा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग आप्पासो धाकट्याकडं वळले. "तू तितं व्हतास. तू सांग तुझ्या आईला."

केरबानं मोकळ्या पाटापुढच्या ताटाकडं बघितलं. मग म्हणाला, "आये, ते ताट हितनं उचल."

"का उचलू?"

"मोकळं आसन मांडून फुडं ताट वाढायचं, ही जित्या माणसाची रीत न्हाई. मी बघितलंय."

मनुबाईंच्या हातातली पळी थांबली. केरबानं जेवण बाजूला सारलं आणि तो सांगू लागला. आल्यापासून पहिल्यांदाच तो इतकं बोलत होता.

आपला पितृपंधरवडा असतो तसा त्या चिन्यांचा एक अख्खा महिना असतो, आपल्या श्रावणाच्या मागंपुढं. त्या महिन्यात मेलेल्यांच्या राज्याचं दार उघडतं आणि सगळे सुटून येतात, महिना संपला की परत जातात. त्यांचे बापजादे चीनमधून खाणींत मजुरीला आलेले, अर्धे वाटेतच मेले, त्यांची हाडं कुठं पडली कुणाला ठाऊक नाही. म्हणून तिथं हा महिना जास्तच कडक पाळतात. घरचे पितर असतील त्यांना घरात, देव्हाऱ्यापुढं जेवण. ज्यांचं कुणी नाही त्यांना दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला. भाताचे वाडगे, उदबत्त्या, मेणबत्त्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दूरपर्यंत. अंधारात शीळ घालायची नाही, कुणाला नावानं हाक मारायची नाही, कारण नाव ऐकून भलताच ओ देतो. पाठीवर कुणी हात ठेवला तरी वळायचं नाही.

आणि त्या लोकांना लागेल ते कागदाचं करून जाळायचं. कागदाचे कपडे, कागदाचे जोडे, कागदाचं घर. आ-सेंगची म्हातारी आई बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद घेऊन ओसरीवर बसायची. जपानी होते तोवर कागद मिळायचा नाही, तेव्हा ती जुन्या वर्तमानपत्राचं करायची. पण करायची. प्रत्येक वस्तूवर ज्याचं त्याचं नाव घालायचं. नाव नसलं तर वाटेत ज्याच्या हाताला लागेल तो घेऊन जातो.

"तिनं मला इचारलं," केरबा म्हणाला. "तुझं कोण गेलंय, नाव सांग. मी म्हनलो, माझं कुणी गेलं न्हाई. तिला म्हायती व्हतं माझा भाऊ मोटार हाकायचा. तिनं कागदाची मोटार केली. चाकंसुदिक फिरत व्हती. पर मी नाव दिलं न्हाई. मग तिनं ती मोटार रस्त्याच्या कडंला नेऊन जाळली, ज्यांचं कुणी न्हाई त्यांच्यात."

समईची वात तडतडली आणि आप्पासोंनी ती बोटानं पुढं सारली.

जपानी हरल्यावर त्या महिन्याच्या अखेरीस शहरात पहिल्यांदा मोठा तमाशा झाला, असं केरबानं सांगितलं. तमाशा म्हणजे त्यांचं नाटक. देवळापुढं मांडव, रंगवलेली तोंडं, झांजा. सगळं गाव लोटलेलं. केरबा तीन वर्षांनी मोकळ्या हवेत आला होता. त्यानं बघितलं, मागं माणसांना उभं राहायला जागा नाही आणि पुढची बाकांची रांग मोकळी. अशी मोक्याची जागा कोण सोडतं? आपल्या गावच्या जत्रेत असं झालं असतं तर डोकी फुटली असती. तो सरळ गेला आणि पुढच्या बाकावर बसला.

"ती रांग त्यांची व्हती," तो म्हणाला. "मेल्याल्यांची. मला काय ठावं. झांजा वाजायच्या बंद झाल्या. नाचणारा जागच्या जागी हुबा ऱ्हायला. आ-सेंगनं मागनं माझं मनगट धरलं आणि वडलं. पर त्याच्या आधी..."

नानासोंनी घास गिळला आणि पुढं काय ते विचारलं.

"त्याच्या आधी माझ्या शेजारच्या मोकळ्या बाकावर कुणीतरी थाप मारली. बसायच्या आधी. अशी."

केरबानं आपल्या पाटाच्या कडेवर तळहात दोनदा आपटला.

रंगूबाईच्या हातातली दुरडी खाली आली. त्या घरात त्या दोन थापा कुणाच्या हे न कळणारं माणूस नव्हतं. आप्पासोंनी डोळे मिटले. नानासो म्हणाले, कुणी मागच्यानं आपटलं असेल हात, एवढी गर्दी, तू वळून बघितलंस का?

"न्हाई मामा. वळायचं नस्तं." केरबा आईकडं बघत होता. "त्याला आपल्यात नाव न्हाई म्हणून त्यो परक्याच्या रांगेत बसतोय, आये. आणि हितं ह्या पाटावर बी येत आसंल. तितं म्हातारी रस्त्यावरचा भात सकाळी उचलून आमाला घालायची, दुसरं काय नसायचं खायला. त्या भाताला चव नसायची. मीठ लावा, मिरची लावा, अळणीच. ती म्हणायची, चव त्यांनी खाल्ली, आपल्याला नुस्तं भांडं ऱ्हायलं. नाव घेऊन घरात वाढल्याला भात मातूर चवीचा ऱ्हायचा; नाव मिळालं की त्यांची भूक भागती, म्हणायची."

रंगूबाईनं दाराची चौकट धरली. पायाखालची जमीन तशीच होती, चूल तशीच होती, आणि तरी आपण कुठल्या तरी उंच जागेवरून खाली बघतोय असं तिला झालं. तीन वर्षं ती रोज एका मेलेल्या माणसाच्या मागून जेवत होती. आधी तिला शहारा आला. आणि लगेच, त्या शहाऱ्याच्या आतच, तिला माया आली, कारण तो मेलेला माणूस दुसरीकडं कुठं न जाता रोज घरी जेवायला येत होता.

मनुबाईंनी पळी भांड्यात टाकली. चिन्यांच्या भुतांचं आपल्या घरात काही सांगायचं नाही, आपला लेक जिवंत आहे आणि ताट जागचं हलणार नाही, असं त्या एका दमात म्हणाल्या. नानासो लगेच बहिणीकडं सरकले; परमुलखातल्या रीतींवर आपल्या घरचा निवाडा कसा करायचा, असं त्यांनी मेव्हण्यांना ऐकवलं. आप्पासो कधी नव्हे ते भडकले आणि हा माणूस दुपारी काय बोलत होता म्हणून त्यांनी सगळ्या देवांना साक्षीला बोलावलं. दोघांचे आवाज चढले. त्या गलक्यात केरबा हळू आवाजात बोलला, म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेलं.

"वैनीला कुणी इचारलं का?"

सगळे तिच्याकडं बघू लागले. चार वर्षांत पहिल्यांदा. रंगूबाईला वाटलं, आत्ता नाही म्हणावं. मला काही ठाऊक नाही म्हणावं. कुंकू राहील, हळदीकुंकवाला बोलावणी येतील, नागपंचमीला बांगड्या भरता येतील, आणि रोज संध्याकाळी ते ताट समोर येईल. अळणी तर अळणी. तेवढाच तर संसार उरला होता. तिनं पुढं होऊन पाटासमोरचं ताट उचललं, रोज उचलायची तसं, आणि आत नेलं.

मनुबाई तिच्या मागोमाग आत आल्या. सून आपल्याच बाजूची आहे अशा समाधानानं त्यांनी चुलीपुढं पाट सरकवला आणि जेव म्हणाल्या. रंगूबाई बसली नाही.

"आत्याबाई, ह्या ताटातला एक घास तुमी खावा."

"खुळी का काय तू? ल्योकाच्या ताटातलं आईनं खायाचं?"

"एकच घास."

मनुबाईंनी तिच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण त्या खाली बसल्या. भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या कोरड्यासात बुडवला, तोंडात घातला. चावायच्या थांबल्या. मग पुन्हा चावलं. मग त्यांनी हात लांब करून पातेल्यातलं कोरड्यास बोटावर घेतलं आणि चाटलं. पुन्हा ताटातलं. पुन्हा पातेल्यातलं. बाहेर आप्पासो आणि नानासो अजून भांडत होते.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या सालच्या गुऱ्हाळापासनं. तुमी गूळ वाढला व्हता, तूप घालून."

"आणि तू खात ऱ्हायलीस."

"तुमी वाढत व्हता, आत्याबाई."

मनुबाई ताटावर हात ठेवून बसल्या. त्यांना रडू येईल अशी रंगूबाई वाट बघत होती, पण त्यांनी ताटातला कांदा उगाच सरळ केला, भाकरीची चतकोर नीट ठेवली. लेकानं निम्मं जेवून ठेवलेलं आवरावं तसं. "त्येला भूक लय," त्या म्हणाल्या. "पैल्यापासनंच. म्या म्हनायची, ह्याच्या पोटात गिरण हाय." मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला.

नंतर त्यांनी केरबाला आत बोलावलं. नावानं नाही, अरं, हिकडं ये, एवढंच म्हणाल्या. आणि एकच गोष्ट विचारली.

"ती मोटार. नावाबिगरची. ती त्याला पोचली आसंल का रं?"

केरबा खाली बसला. खोटं बोलणं सोपं होतं, पण तो म्हणाला, ठाऊक नाही. उद्या नाव घेतलं की पुढचं पोचेल, असं म्हातारी म्हणाली असती.

अमावस्येला सकाळपासून चूल थंड झाली नाही. आळूची भाजी, कढी, वडे, खीर, गवारी, भोपळा. पितर म्हणून जेवायला भावकीतली माणसं आली. आप्पासोंच्या बापासाठी एक, आज्यासाठी एक, असे पाटावर बसले. आपल्याकडं मेलेल्यांच्या जागी जिवंत माणूस बसवतात, मोकळी जागा ठेवत नाहीत. लालासाहेबांच्या पाटावर कुणाला बसवायचं, असं आप्पासोंनी विचारलं. नानासो आपलं वय सांगून मागं सरले. लालासाहेबांच्या बरोबरीचा एक चुलतभाऊ पुढं आला होता, त्याला मनुबाईंनी हातानंच थांबवलं.

"त्यो पाट मोकळा ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्येचा त्यो बसंल."

भावकीत कुजबूज झाली. नानासोंनी या वेळी बहिणीची बाजू घेतली आणि ती सोडली नाही. आप्पासो काळे तीळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसले. आजा, पणजा, बाप, आई, दोन चुलते. प्रत्येक नावाला ओंजळीतून पाणी सुटायचं. मग ते थांबले. ओंजळीतलं पाणी तसंच राहिलं. एवढा मोठा, उसाच्या मळ्याचा धनी, पण मुलाचं नाव काही त्यांच्या तोंडातून निघेना.

नाव मनुबाईंनी घेतलं. बायकांनी घ्यायचं नसतं, तरी घेतलं. उंबऱ्यात उभं राहून, शेतावरून जेवायला बोलवावं तशा खणखणीत आवाजात. "लालासाहेब. ये. बस जेवायला."

आप्पासोंच्या बोटांमधून पाणी सुटलं. केरबा दाराशी भिंतीला पाठ लावून उभा होता. पाटाकडं सगळ्यांचे डोळे होते, आणि पाटावरून थाप आली नाही. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली, कुणाचं तरी पोर रडलं आणि पंगत जेवू लागली.

पंगत उठल्यावर बनाबाई आणि भावकीतल्या दोघी म्हाताऱ्या आत येऊन बसल्या. त्या कशाला आल्या हे रंगूबाईला कळत होतं. त्यांच्यातल्या एकीनं तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. मनुबाई त्यांच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"तिला आधी जेवू द्या," त्या म्हणाल्या. "त्येच्या ताटात, कुंकवासकट. मग तुमचं काय आसंल ते करा."

त्यांनी स्वतः ताट आणून सुनेपुढं ठेवलं. भात, खीर, वडा, आळूची भाजी, कढीची वाटी, सगळं जसंच्या तसं. रंगूबाईनं ताट पुढं ओढलं. तिचा हात आपसूक मिठाच्या सटाकडं गेला, तीन वर्षांच्या सवयीनं. तिनं चिमूट घेतली आणि भाजीवर टाकली, मग दुसरी कढीत. भात कालवला. पहिला घास तोंडात घातला.

घास तोंडात धरवेना इतका झोंबला. आळूचा आंबटपणा, आमसूल, मिरची, आणि त्या सगळ्यावर मीठ, नुसतं मीठ. तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं. बनाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं हातानंच बाजूला सारला आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा.

मनुबाई तिच्याकडं बघत होत्या. त्यांनी चौकटीला हात टेकला. विचारावं की विचारू नये, असं त्यांना झालं होतं.

"आळणी हाय का गं?"

"न्हाई, आत्याबाई," रंगूबाई म्हणाली. "खारट हाय."

मनुबाई हळूच तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. रंगूबाई जेवत राहिली. मीठ जास्त झालं होतं, पण ताटात तिनं काही टाकलं नाही.